राखीव स्वयंसेवक साळबा

एका जंगलात, बाळांनो, समुद्र होता.

असं कसं, म्हणून विचारू नका. जंगल चालत चालत किनाऱ्यापर्यंत आलं आणि पुढे पाणी लागलं म्हणून थांबलं. गोष्टीतली जंगलं अशीच असतात. ज्यांना भूगोल हवा असेल त्यांनी शाळेत जावं. बाकीच्यांनी मांडी घालून बसावं आणि चिवड्याचा आवाज करू नये.

तर त्या समुद्रात वाळूचा एक दांडा होता. ओहोटी लागली की तो उघडा पडायचा आणि त्याच्या टोकाशी काळे खडक दिसायचे. खडकांवर मीठ जमलेलं असायचं. जंगलात बाकी सगळं मिळतं, मीठ मिळत नाही. त्यामुळे ओहोटी लागली की ससे, सांबरं, भेकरं, डुकरं, सगळे दांड्यावरून चालत टोकाला जायचे आणि डोळे मिटून मीठ चाटत बसायचे.

आता डोळे मिटून चाटणाऱ्याला भरती कशी दिसणार? भरती हळूच मागून यायची, दांडा मधेच गिळायची, आणि चाटणारा डोळे उघडायचा तेव्हा चहूकडे पाणी. मग आरडाओरडा. कुणी पोहत यायचं, कुणी गटांगळ्या खात यायचं, आणि कुणी यायचंच नाही.

त्याच जंगलात साळबा नावाचा एक साळिंदर राहायचा. पाठीवर हातभर लांबीचे काळे-पांढरे काटे, आणि स्वभाव लोण्याचा. काटे आतून पोकळ असल्यामुळे साळबा पाण्यात पडला की तरंगायचा. बुडायचं मनावर घेतलं असतं तरी त्याला ते जमलं नसतं. पण तरंगणारा म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं. टोचणारा म्हणून सगळे ओळखायचे. पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहायची. लग्नात नवरदेवाला सगळे मिठी मारायचे आणि साळबाला लांबूनच नमस्कार करायचे. लहानपणी लपाछपीत तो कधी पकडला गेला नाही, कारण पकडायला कुणी हातच लावायचं नाही. तुम्हाला वाटेल, काय मजा! पण जो कधी पकडलाच जात नाही, त्याला थोड्या वेळाने कुणी शोधतही नाही. साळबा झुडपात बसून राहायचा आणि संध्याकाळी आपला आपण घरी जायचा.

एकदा काय झालं, भेकरवहिनी मीठ चाटायला गेल्या आणि भरतीत अडकल्या. साळबा किनाऱ्यावर कंदमुळं उकरत होता. त्याने हाक ऐकली आणि विचार न करता पाण्यात उडी टाकली. पोहत पोहत थेट त्यांच्याजवळ गेला.

"वहिनी, धरा मला!" तो म्हणाला.

भेकरवहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग लांब किनाऱ्याकडे पाहिलं.

"दुसरं कुणी येतंय का हो मागून?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात मोठी लाट आली आणि वहिनींना घेऊन गेली. घाबरू नका, त्या वाचल्या. लाटेने त्यांना दूरच्या पुळणीवर आदळलं, आणि मागचा एक पाय कायमचा लंगडा झाला. पण ती नजर साळबाच्या मनातून जाईना. बुडणारं माणूससुद्धा आपल्याला धरत नाही, याचं त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सांगायचं तरी कुणाला?

बायकोला सांगितलं. तिचं नाव साळूबाई.

"अहो, तिला काय माहीत तुम्ही कोण ते," साळूबाई म्हणाली. "काट्यांचा एक गठ्ठा वाहत आला असं वाटलं असेल तिला. अंगावर काही खूण नको का? बिल्ला नको, पट्टा नको. भरवसा ठेवायचा कशावर?"

साळबाला हे पटलं. बिल्ला असता तर वहिनींनी धरलं असतं. आपल्याला बिल्ला हवा, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

आणि बघा योगायोग. त्याच सुमारास जंगलात 'सागर बचाव सेवा' सुरू झाली.

ती सुरू केली झिपरोजीराव नावाच्या अस्वलाने. झिपरोजीरावांना लोकांच्या दुःखाचा फार कळवळा. भेकरवहिनींचा पाय पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लगेच अध्यक्ष झाले. हुप्पाजी नावाचा वानर उपाध्यक्ष झाला, कारण त्याच्याकडे शिट्टी होती. आणि बगळेमास्तर मुख्य प्रशिक्षक झाले, कारण ते रोज पाण्यात उभे राहायचे. गुडघ्यापर्यंत. गुडघ्याच्या वर बगळेमास्तर जन्मात भिजले नव्हते, पण उभं राहण्याची ढब अशी की बघणाऱ्याला वाटावं, समुद्र यांनीच भरून ठेवलाय.

सेवेने सगळ्यांत आधी एक होडी करून घेतली. काय होडी होती! निळा रंग, लाल काठ, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन मोठे डोळे काढलेले. होडीसाठी किनाऱ्यावर मांडव घातला. मांडवात चौथरा बांधला. चौथऱ्यावर होडी ठेवली आणि तिला रोज झेंडूचा हार घालायला सुरुवात केली.

"पाण्यात कधी सोडायची?" कुणीतरी विचारलं.

"उद्घाटन झाल्यावर," झिपरोजीराव म्हणाले. "सिंहमहाराजांच्या हस्ते."

सिंहमहाराजांना निरोप गेला. महाराजांचा निरोप आला, की वेळ काढून जरूर येऊ. बाळांनो, मोठी माणसं वेळ काढून येऊ म्हणतात तेव्हा त्यांचा वेळ कुठे खोल विहिरीत पडलेला असतो, देव जाणे. तो काही निघेना.

इकडे स्वयंसेवकांची भरती सुरू झाली. पहिल्याच दिवशी साळबा अंग झाडून, काटे विंचरून मुलाखतीला गेला. समोर तिघे बसले होते. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि मास्तर.

"पोहता येतं?" बगळेमास्तरांनी विचारलं.

"येतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचे चेहरे पडले.

"हीच तर अडचण होते," मास्तर म्हणाले. "पोहता येणारा उमेदवार उठून पाण्यात जातो. आणि गेल्यावर त्याला कोण आणणार? जबाबदारी आमच्यावर येते."

"सांगाल तेव्हाच जाईन," साळबा म्हणाला.

"आणि हे काटे? घरी ठेवून येता येतील का?"

"ते पाठीचेच आहेत, साहेब."

झिपरोजीरावांनी मान हलवली. "कसं आहे साळबा, बुडणाऱ्याला आपण आधार देतो. तू आणणार टाके घालायची वेळ. सेवेच्या प्रतिमेचा प्रश्न आहे."

साळबा उठला. त्याचा चेहरा इतका एवढासा झाला होता की हुप्पाजीलाही कसंसं वाटलं. का त्याला वेगळंच काही सुचलं, सांगता येत नाही. तो म्हणाला, "रावसाहेब, मांडवाला पताका लावायच्यात. खांब कमी पडतायत. याच्या पाठीवर किती छान राहतील बघा. शिवाय हा चालता खांब. पाहुणे येतील तिकडे वळवता येईल."

तिघांना ही कल्पना फार आवडली. साळबाला घेतलं. 'राखीव स्वयंसेवक' असा पितळी बिल्ला त्याच्या गळ्यात घातला. राखीव म्हणजे काय, असं साळबाने विचारलं नाही. बिल्ला चकचकीत होता. तो घरी येईपर्यंत वाटेत प्रत्येक डबक्यात वाकून बघत आला.

"झालात ना एकदाचे?" साळूबाई म्हणाली. "मग पाठीवर हे कागद कसले?"

"पताका आहेत."

"बुडणाऱ्याने पताका धरायच्या?"

"अगं, ही सुरुवात आहे," साळबा म्हणाला.  साळूबाईने एकेक पताका हळूच काढून ठेवली, दुसऱ्या दिवशी लागतील म्हणून.

मग प्रशिक्षण सुरू झालं. ते वाळूवर व्हायचं. बगळेमास्तर चोचीने वाळूत एक मोठी रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "या रेघेपलीकडे समुद्र आहे असं समजा." खरा समुद्र शेजारीच होता, पण तो ओला होता. सगळे स्वयंसेवक रेघेपलीकडे पोटावर पडून हातपाय मारायचे. जो सर्वांत जास्त वाळू उडवील त्याला शाबासकी. "लाटेला घाबरू नका!" मास्तर ओरडायचे आणि खरी लाट जवळ आली की दोन पावलं मागे सरकायचे.

शिट्टीचे नियमही पाठ करून घेतले. एक शिट्टी म्हणजे मदत पाठवा. दोन शिट्ट्या म्हणजे चहा पाठवा. दोन शिट्ट्यांचा सराव रोज व्हायचा.

सगळ्यांत महत्त्वाचा धडा मिठीचा. बुडणाऱ्याला मागून कवेत कसं घ्यायचं, त्याने गळा धरला तर काय करायचं, वगैरे. त्यासाठी जोड्या लावल्या. साळबाच्या जोडीला कुणी येईना. शेवटी त्याला वाहून आलेलं एक लाकडाचं खोड दिलं. साळबा ते खोड रोज मन लावून वाचवायचा. "घाबरू नका हं, मी आलोय," असं त्याला सांगायचा, पाठीवर घ्यायचा आणि किनाऱ्यावर आणून निजवायचा. बाकीचे हसायचे. हसा की तुम्हीपण, मी कुठे अडवतोय? पण त्या सबंध सेवेत पाठीवर कुणाला तरी घेतलेला स्वयंसेवक साळबा एकटाच होता.

मधल्या काळात दांड्यावरून हाका येतच होत्या. भरती काही उद्घाटनासाठी थांबली नव्हती. एका सकाळी एक डुक्कर गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून ओरडत होतं. सगळे स्वयंसेवक मांडवात जमले.

"होडी न्यायची का?" साळबाने विचारलं.

"उद्घाटनाआधी?" झिपरोजीराव दचकले. "आणि महाराज आले तर त्यांना काय वापरलेली होडी दाखवायची?"

"मग मी जाऊ?"

"तू राखीव आहेस. आधीचे संपले की तू."

आधीचे कुणी गेलेच नाहीत, त्यामुळे संपलेही नाहीत. डुकराला बगळेमास्तरांनी किनाऱ्यावरून पोहण्याचे नियम वाचून दाखवले. ते तिसऱ्या नियमाला कंटाळून आपणच हातपाय मारत आलं. सेवेच्या अहवालात 'मार्गदर्शनाने बचाव' अशी नोंद झाली.

असे दिवस गेले. उन्हाळा आला. मांडवाचं छत उन्हाने विरलं, होडी मात्र तशीच. दुपारी साळबा तिच्या सावलीत पडायचा. आता त्या सावलीत वाळूवर उन्हाच्या बारीक बारीक रेघा पडायला लागल्या होत्या. आधी एक दिसली, मग चार, मग बरगड्यांसारखी ओळच्या ओळ. साळबाला त्या रेघा फार सुंदर वाटायच्या. हुप्पाजीनेही पाहिल्या. तो म्हणाला, "बघा, हवा खेळती राहते." झिपरोजीरावांनी पाहिल्या आणि म्हणाले, "उद्घाटनाच्या दिवशी बरं नाही दिसायचं. तिथे हार लावा." मग जिथे फट तिथे झेंडूची माळ, असं करत करत अख्खी होडी फुलांनी झाकून गेली.

तुमच्यातले कोळीवाड्यातले हसतायत, ते मला दिसतंय. त्यांना ठाऊक आहे की लाकडाची होडी पाण्यात असेपर्यंतच होडी असते. फळ्या ओल्या असल्या की फुगून घट्ट बसतात आणि उन्हात ठेवल्या की सुकून आकसतात. पण त्या जंगलात होडी पाण्यात पाहिलेली कुणी नव्हतंच. सगळ्यांनी ती चौथऱ्यावर पाहिली होती, आणि चौथऱ्यावर ती एकदाही बुडाली नव्हती.

आणि शेवटी तो दिवस उजाडला. सिंहमहाराजांना वेळ मिळाला नाही, पण त्यांनी आयाळीतला एक केस पाठवला. चांदीच्या तबकात, रेशमी रुमालावर. केसाच्या हस्ते उद्घाटन करावं असा निरोप होता. सगळं जंगल लोटलं. ताशे वाजले. केसाला पहिल्या रांगेत बसवलं, केसाला हार घातला. हार केसापेक्षा फार मोठा झाला, पण मान राखायला नको? होडीच्या नाळेवर नारळ फोडला. मग झिपरोजीराव, हुप्पाजी आणि बगळेमास्तर होडीत चढले आणि स्वयंसेवकांनी ती पाण्यात ढकलली.

साळबा किनाऱ्यावर उभा होता. पाठीवर इतक्या पताका की खालून काटे दिसत नव्हते. एका बाजूला भेकरवहिनीही लंगडत आल्या होत्या. त्यांना पाहून साळबाने बिल्ला सरळ केला.

होडी डुलत डुलत खोल पाण्यापर्यंत गेली. झिपरोजीराव भाषणाला उभे राहिले.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आज या होडीच्या रूपाने..."

"रावसाहेब, पाणी," हुप्पाजी खाली बघत म्हणाला.

"नंतर पितो. आज या होडीच्या रूपाने..."

"रावसाहेब, पाणी पायाशी आलंय."

झिपरोजीरावांनी खाली पाहिलं. फळ्याफळ्यांतून कारंजी उडत होती आणि झेंडूची फुलं आत तरंगत होती. बगळेमास्तरांनी पाणी गुडघ्यापर्यंत येऊ दिलं. त्यांची सवय होती तेवढीच. मग ते पंख पसरून उठले.

"मी किनाऱ्यावरून मार्गदर्शन करतो," ते जाता जाता म्हणाले.

हुप्पाजीने शिट्टी तोंडात घातली. पण सवय वाईट असते, बाळांनो. त्याने दोन वाजवल्या. किनाऱ्यावर लगेच धावपळ उडाली. चूल पेटली, आधण ठेवलं, आलं किसलं. स्वयंसेवक कपबश्या घेऊन पाण्याच्या काठाशी रांगेत उभे राहिले. अशी शिस्त मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. तिकडे होडी हार-तुऱ्यांसकट खाली बसली.

हुप्पाजीला एक वल्हं सापडलं. त्यावर बसून तो लाटेबरोबर किनाऱ्याकडे सरकू लागला. झिपरोजीरावांना काहीच सापडलं नाही. त्यांची ती एवढी दाट झिपरी लोकर पाणी पिऊन जड झाली आणि त्यांना खाली ओढू लागली. "धावा!" ते ओरडले. "कुणी आहे का?"

सगळ्या किनाऱ्याने बगळेमास्तरांकडे पाहिलं. बगळेमास्तर नियम आठवत होते.

साळबाने कुणाकडे पाहिलं नाही. तो धावला, वाळूतली ती मास्तरांची रेघ ओलांडली आणि खऱ्या समुद्रात शिरला. पताका भिजून एकेक सुटल्या आणि मागे पाण्यावर पसरत गेल्या. तो झपाझप पोहत अध्यक्षांजवळ पोचला आणि पाठ त्यांच्याकडे करून म्हणाला,

"रावसाहेब, धरा मला."

झिपरोजीरावांनी पाहिलं. साळबाकडे, मग त्याच्या पाठीकडे, मग लांब किनाऱ्याकडे.  ती नजर साळबाला चांगली ओळखीची होती. आता गळ्यात बिल्ला होता, तरी नजर तीच होती.

"दुसरं... दुसरं कुणी नाही का?" झिपरोजीरावांनी विचारलं.

"आहेत. चहा घेऊन उभे आहेत."

"राखीव माणसाने अध्यक्षाला वाचवायचं... म्हणजे... ठराव लागतो रे..." असं म्हणत झिपरोजीराव खाली गेले. थोडे बुडबुडे आले. मग ते पुन्हा वर आले, डोळे लाल, नाकातोंडात पाणी.

"ठराव मंजूर!" ते किंचाळले आणि त्यांनी साळबाला कडकडून मिठी मारली.

"आई गं!" हेही तेच म्हणाले. दोन्ही पंजांत काटे घुसले होते. पण सोडलं नाही. उलट जास्तच घट्ट धरलं.

साळबा पोहायला लागला. पाठीवर ओझं होतं, काटे मुळापाशी दुखत होते, अस्वल कानाशी शिव्या देत होतं. आणि साळबाला इतका आनंद झाला होता की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याला कुणीतरी धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. खरं सांगायचं तर शेवटचा टप्पा तो जरा हळूच पोहला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. तुम्हीही बाहेर बोलू नका.

किनाऱ्यावर चहा तयारच होता. तो झिपरोजीरावांना पाजला, वल्ह्यावरून आलेल्या हुप्पाजीला पाजला आणि उरलेला केसासमोर ठेवला. मांडव घातलेलाच होता, शाली आणि नारळ आणलेलेच होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून लगोलग सत्कार झाले. बगळेमास्तरांचा, किनाऱ्यावरून केलेल्या मार्गदर्शनाबद्दल. हुप्पाजीचा, प्रसंगावधान राखून शिट्टी वाजवल्याबद्दल. झिपरोजीरावांचा, न डगमगता वाचल्याबद्दल.

साळबा मागे उभा होता. त्याला वाटलं, आता आपलं नाव येईल. आलंही.

"एक खेदाची बाब," बगळेमास्तर म्हणाले. "बचावकार्यात माननीय अध्यक्षांच्या दोन्ही पंजांना इजा झालेली आहे. इजा कुणामुळे झाली, हे उघड आहे. शिवाय सेवेच्या सर्व पताका समुद्रात गेल्या. चौकशी होईपर्यंत राखीव स्वयंसेवक साळबा यांना सेवेतून दूर करण्यात येत आहे."

हुप्पाजीने पुढे येऊन, हात लांब करून, साळबाच्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला.

साळबा घरी आला. साळूबाईने त्याच्याकडे एक नजर टाकली. गळा मोकळा, पाठीवरचे चार काटे मोडलेले.

"बिल्ला?"

"काढून घेतला."

"आणि ते काटे?"

"ते रावसाहेबांच्या पंजात आहेत," साळबा म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "पण धरलं गं. घट्ट धरलं."

 साळूबाईने त्याला बसायला जागा करून दिली आणि स्वतः शेजारी बसली. साळिंदरं शेजारी कशी बसतात ते त्यांचं त्यांना ठाऊक.

इथे गोष्ट संपली असती. पण झिपरोजीरावांच्या पंजांना भोकं पडली होती ना, ती भरून आली आणि व्रण राहिले. ते पुढच्या सभेत पंजे उंचावून म्हणाले, "ही बघा समुद्राने दिलेली पदकं!" सभेने टाळ्या वाजवल्या. झालं! आठवड्याभरात जंगलात ज्याच्या पंजाला व्रण नाही त्याला कुणी विचारेनासं झालं. हुप्पाजीने बाभळीच्या काट्याने करून पाहिले, ते खरे दिसेनात. मग हळूहळू साळबाच्या बिळाशी गर्दी जमू लागली. ससे आले, सांबरं आली, सेवेचे सगळे स्वयंसेवक आले.

"साळबा, एक मिठी दे की! जरा जोरात."

आता बघा. ज्याला जन्मात कुणी शिवलं नव्हतं त्याला सकाळ-संध्याकाळ मिठ्या. कोरड्या जमिनीवर. मिठी मारायची, 'आई गं' म्हणायचं, पंजाला नीट भोक पडलं का बघायचं आणि 'थँक्यू' न म्हणता सभेला पळायचं. पहिले दोन दिवस साळबाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो साळूबाईला म्हणाला, "हे ते नव्हे गं." आणि उठून किनाऱ्यावर जाऊन बसला.

किनाऱ्यावर नवा मांडव उभा राहिला होता. चौथऱ्यावर नवी होडी होती, पहिलीपेक्षा मोठी, हिरव्या रंगाची. झिपरोजीराव स्वयंसेवकांपुढे बोलत होते. प्रत्येकाच्या पंजाला व्रण होते आणि प्रत्येक जण पंजा वर धरून बसला होता. उद्घाटनासाठी सिंहमहाराजांना निरोप गेला होता. महाराज वेळ काढून येणार होते.

तेवढ्यात दांड्यावरून हाक आली.

लंगडं जनावर ओहोटीला टोकापर्यंत पोचतं सगळ्यांत शेवटी, आणि परत निघायलाही त्यालाच उशीर होतो. टोकाच्या खडकावर भेकरवहिनी उभ्या होत्या. पाणी पोटाला लागलं होतं.

मांडवातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मग होडीकडे पाहिलं. मग हारांकडे पाहिलं. बगळेमास्तरांनी नियमांची घोकणी सुरू केली.

साळबा निघाला. जाताना त्याने गळ्याला हात लावला. तिथे काही नव्हतं. पाठीवर पताका नव्हत्या. तो जसा पहिल्यांदा गेला होता तसाच, काट्यांचा गठ्ठा, पोहत गेला.  पाण्याला तो भीत नव्हता. त्याला भीती होती त्या नजरेची. मी धरा म्हणणार, आणि त्या पुन्हा किनाऱ्याकडे बघणार.

तो खडकाजवळ पोचला.  त्याने नुसती पाठ केली आणि डोळे मिटून घेतले.

"भावोजी," मागून आवाज आला. "गळ्यात काहीतरी होतं ना तुमच्या? बिल्ला?"

"काढून घेतला, वहिनी."

"बरं झालं," भेकरवहिनी म्हणाल्या. "माझी मान तिथेच टेकायची होती. टोचला असता."

आणि त्यांनी किनाऱ्याकडे न बघता त्याच्या गळ्याशी मान टेकली, दोन्ही पुढचे पाय त्याच्या खांद्यावरून टाकले आणि घट्ट धरलं. काटे लागले असणारच. पण त्या काही बोलल्या नाहीत. वाटेत साळबाने हळू पोहण्याचा विचार केला, पण वहिनी थंडीने कुडकुडत होत्या, म्हणून तो भराभर पोहला.

भेकरवहिनींच्या मानेवर नंतर बारीक व्रण राहिले. त्यांनी ते कुठल्याही सभेत दाखवले नाहीत. त्यामुळे जंगलाच्या दृष्टीने त्या दिवशी कुणीच वाचलं नाही, आणि सेवेच्या अहवालात त्या तारखेपुढे लिहिलं गेलं : 'समुद्र शांत. चहा उत्तम.'

तात्पर्य : बाळांनो, मोठेपणी पोहायला शिकू नका, बुडायला शिका. पोहणाऱ्याची चौकशी होते, बुडणाऱ्याचा सत्कार होतो. आणि इतकं सांगूनही कुणाला पोहायचंच असेल, तर त्याने बिल्ला घरी ठेवून जावं. तो टोचतो.